विश्लेषण : समाज पांगला, शाळा उरली! मराठी ज्यूंच्या शाळा आजही ‘अल्पसंख्याक’ कशा?

नागपूर : मुंबईत माझगावला असलेल्या सर एली कदुरी शाळेचे मूळ १८७५ मधले. कोकणातून मुंबईत आलेल्या मराठी भाषक ज्यूंनी, म्हणजेच बेने इस्रायल समाजाने, आपल्या मुलांसाठी ‘इस्रायली शाळा’ म्हणून ती सुरू केली. दीडशे वर्षांनंतरही शाळा आहे, पण ज्यांच्यासाठी ती काढली, त्या समाजाची मुले तेथे जवळपास उरलेली नाहीत. भायखळ्याच्या सर जेकब ससून हायस्कूलची गोष्टही वेगळी नाही. तेथील बहुसंख्य विद्यार्थी मुस्लीम आहेत. मग या शाळा ज्यूंच्या म्हणायच्या की नाही? वरवर पाहता हा मुंबईतल्या एका छोट्या समाजाचा प्रश्न आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाचे नोव्हेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ मधील दोन निकाल पाहिले, तर त्याचे उत्तर नागपुरातील ख्रिस्ती, मुस्लीम आणि सिंधी भाषक संस्थांच्या शाळांनाही लागू पडते. त्यामुळे हा इतिहास आणि त्यामागचा कायदा समजून घ्यायला हवा.

धार्मिक ज्यू शाळा म्हणजे काय?

जगभरातील धार्मिक ज्यू माध्यमिक शाळांमध्ये दिवस साधारणपणे दोन भागांत विभागलेला असतो. एका भागात धर्मविषयक अभ्यास होतो. त्यात हिब्रू भाषा, तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, मिश्ना आणि तालमूद हे धर्मशास्त्रीय ग्रंथ येतात. दुसऱ्या भागात गणित, विज्ञान, इतिहास, देशाची भाषा असे नेहमीचे विषय असतात. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते. शुक्रवारी शाळा लवकर सुटते, कारण सूर्यास्तापासून शब्बाथ सुरू होतो. शनिवारी सुट्टी असते. डब्यात किंवा भोजनगृहात ‘कोशर’ नियमांचे पालन केले जाते, म्हणजे मांस आणि दूध एकत्र येत नाही. तालमूदचा अभ्यास दोघादोघांच्या जोडीने, एकमेकांशी वाद घालत करण्याची पद्धत विशेष प्रसिद्ध आहे.

धर्म आणि आधुनिक विषय यांचे प्रमाण काय असावे, यावर ज्यू समाजातच मोठा वाद आहे. इस्रायलमध्ये १९५३ च्या शिक्षण कायद्याने सरकारी आणि सरकारी-धार्मिक असे दोन प्रवाह निर्माण झाले. अतिसनातनी ज्यूंच्या शाळा त्यापासून वेगळ्या राहिल्या. त्यांपैकी मुलांच्या अनेक शाळांत गणित आणि इंग्रजी पुरेसे शिकवले जात नाही, ही तक्रार तेथे कायम होत असते. न्यूयॉर्क राज्यानेही २०२२ मध्ये खासगी आणि धार्मिक शाळांतील सर्वसाधारण विषयांचे शिक्षण सरकारी शाळांच्या तोडीचे असावे, यासाठी नियम केले. महाराष्ट्रातील ज्यूंनी मात्र दीडशे वर्षांपूर्वीच या वादाचे आपल्यापुरते उत्तर शोधले होते. धर्म शिकायचा, पण मॅट्रिकही व्हायचे, हे ते उत्तर.

मराठी ज्यूंना स्वतंत्र शाळा का हवी होती?

बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. कोकणात ते तेल गाळण्याचा व्यवसाय करू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. केहिमकर, नवगावकर, रोहेकर, दिवेकर, पेणकर अशी गावांवरून पडलेली आडनावे, घरात मराठी भाषा आणि मराठी पेहराव यामुळे ते आजूबाजूच्या समाजात मिसळून गेले. सणांची नावेही मराठी झाली. ज्यू नववर्षाला ‘नव्याचा सण’, तर पुरीमला ‘होळीचा सण’ म्हटले जाऊ लागले.

शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम त्यांनी टिकवले. मात्र हिब्रू भाषा आणि धर्मग्रंथांचे ज्ञान शतकांच्या ओघात जवळपास हरवले. अठराव्या शतकात हा समाज मुंबईत येऊ लागला. १७९६ मध्ये सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले. प्रार्थनास्थळ उभे राहिले, पण तेथील प्रार्थना वाचायची कशी, हा प्रश्न होताच. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी काही प्रमाणात ही उणीव भरून काढली.

हिब्रू शिकवण्यात दुसरा मोठा वाटा होता ख्रिस्ती मिशनऱ्यांचा. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढल्या. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरणाचे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा उद्देश धर्मांतराचा होता. तो फारसा साध्य झाला नाही, कारण बेने इस्रायलांपैकी फार थोड्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. उलट बायबलचा ‘जुना करार’ मराठीत हाती आल्यामुळे या समाजाला आपल्याच धर्माची नव्याने ओळख झाली. पण आपल्या मुलांना आपला धर्म दुसऱ्या धर्माच्या प्रचारकांकडून शिकावा लागतो, ही गोष्ट समाजातील जाणत्यांना बोचत होती. स्वतःच्या शाळेची गरज तेथून निर्माण झाली.

‘इस्रायली शाळा’ कशी उभी राहिली?

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८५३ पासून समाजसुधारणेच्या कामाला वाहून घेतले होते. त्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये ही शाळा सुरू झाली. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशननेही तिला आर्थिक मदत केली. १८९२ मध्ये तिला हायस्कूलचे स्वरूप आले. केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहासही इंग्रजीत लिहून ठेवला. त्यांच्या निधनानंतर, १९३७ मध्ये तो तेल अवीव येथून प्रसिद्ध झाला.

शाळेत हिब्रू आणि धर्मशिक्षण होते, तसेच मराठी आणि इंग्रजीही होते. हिब्रू हा त्या काळी मुंबई विद्यापीठाचाही विषय होता, त्यामुळे धर्माची भाषा परीक्षेतही उपयोगी पडत असे. जोसेफ इझेकिएल राजपूरकर हे याचे उत्तम उदाहरण. डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेत ते अनेक वर्षे मुख्याध्यापक होते, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते आणि त्यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. याच काळात, १८७४ मध्ये, वल्हांडण सणाला वाचला जाणारा ‘हगादा’ हा ग्रंथ पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. १८८० च्या सुमारास तर ज्यू कीर्तने सुरू झाली. अब्राहम, मोशे, योसेफ यांची आख्याने मराठी कीर्तनाच्या चालीवर रंगू लागली. थोडक्यात, या समाजाचे धर्मशिक्षण फक्त वर्गात चालले नव्हते. शाळा, छापखाना आणि कीर्तन या तिन्ही ठिकाणी ते मराठीतून चालू होते.

शाळेला सर्वाधिक आकार दिला तो रिबेका रूबेन यांनी. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रिबेका १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या मुलगी. पुढे इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन त्या परतल्या आणि १९२२ पासून पाव शतकाहून अधिक काळ त्यांनी या शाळेची धुरा सांभाळली. त्यांच्याच काळात, १९३० च्या दशकात, शांघाय आणि हाँगकाँगचे ज्यू उद्योगपती सर एली कदुरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले. एका धार्मिक समाजाच्या शाळेचे नेतृत्व त्या काळात एका उच्चशिक्षित स्त्रीकडे होते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. डॉ. जेरुशा झिराड यांच्यासारख्या नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ याच समाजातल्या, तर डॉ. एलिजा मोझेस हे १९३० च्या दशकात मुंबईचे महापौर झाले.

ससून शाळा वेगळी कशासाठी?

मुंबईतील सगळे ज्यू मराठी नव्हते. बगदाद, बसरा आणि परिसरातून व्यापारासाठी आलेल्या ‘बगदादी’ ज्यूंची भाषा आधी अरबी, नंतर इंग्रजी झाली. ससून हे त्यांतील सर्वात श्रीमंत घराणे. डेव्हिड ससून यांनी १८६१ मध्ये भायखळ्यात मागेन डेव्हिड सिनेगॉग बांधले. १९०३ मध्ये सर जेकब ससून यांच्या देणगीतून मोफत शाळा सुरू झाली, ती मुख्यतः गरीब बगदादी मुलांसाठी. बगदादी ज्यू बऱ्याच काळापर्यंत बेने इस्रायलांपासून अंतर राखून होते. त्यामुळे एकाच शहरात, एकाच धर्माच्या दोन समाजांच्या दोन वेगळ्या शाळा चालल्या. धार्मिक अल्पसंख्याक म्हणजे एकजिनसी गट, हा समज येथेच गळून पडतो. भाषा, वर्ग आणि मूळ गाव यांच्या भिंती धर्माच्या आतही असतात.

समाजातील सगळी मुले समाजाच्याच शाळेत जात, असेही नव्हते. कवी निस्सीम इझेकिएल भायखळ्याच्या एका कॅथलिक शाळेत शिकले. जिला जसे परवडेल आणि जवळ पडेल, तशी कुटुंबे मुलांसाठी शाळा निवडत.

विद्यार्थी गेले कुठे?

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि स्थलांतर सुरू झाले. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. १९६१ मध्ये ही संख्या साडेअठरा हजारांवर आली. बगदादी ज्यू प्रामुख्याने ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांत गेले, तर बेने इस्रायल मुख्यतः इस्रायलला. तेथे त्यांना सुरुवातीला एका कटू अनुभवाला सामोरे जावे लागले. त्यांच्या ज्यू असण्यावरच तेथील धर्मपीठाने विवाहाच्या संदर्भात शंका घेतली. मोठे आंदोलन झाल्यानंतर १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य करण्यात आले. आज इस्रायलमध्ये भारतीय मूळ असलेल्या ज्यूंची संख्या सुमारे ८५ हजार असल्याचे सांगितले जाते. दिमोना, अश्दोद, लोद, रामला या शहरांत त्यांची वस्ती आहे आणि तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले.

येथे मागे उरलेल्यांची संख्या २०११ च्या जनगणनेनुसार देशात ४,६५० आणि महाराष्ट्रात २,४६६ होती. म्हणजे राज्यात एक लाख लोकांमागे जेमतेम दोन ज्यू. इतक्या छोट्या समाजात प्रत्येक इयत्तेत एक तुकडी भरण्याइतकी मुले मिळणे शक्य नाही. उरलेल्या कुटुंबांतील मुले घराजवळच्या इंग्रजी शाळांत जातात. हिब्रू वाचन, सणांची माहिती आणि तेराव्या वर्षी होणाऱ्या ‘बार मिट्झवा’ विधीची तयारी सिनेगॉगमध्ये किंवा मुंबईतील समाजकेंद्रांत करून घेतली जाते. धर्मशिक्षण थांबलेले नाही. ते शाळेतून पुन्हा सिनेगॉगमध्ये गेले आहे.

मग शाळा बंद का झाल्या नाहीत?

कारण त्यांच्या दाराशी दुसरी मुले उभी होती. भायखळा, नागपाडा, माझगाव या भागांत गेल्या काही दशकांत मुस्लीम वस्ती वाढली. परवडणारी फी आणि जवळची शाळा ही या कुटुंबांची गरज होती. ज्यू विश्वस्तांकडे इमारत, मान्यता आणि शिकवण्याची परंपरा होती. दोन गरजा जुळल्या आणि शाळा चालत राहिल्या. कोलकात्यातही असेच घडले. १८८१ मध्ये स्थापन झालेल्या तेथील ज्यूइश गर्ल्स स्कूलमध्ये आज बहुसंख्य विद्यार्थिनी मुस्लीम आहेत. पश्चिम आशियातील संघर्षाच्या बातम्या रोज येत असताना, ज्यू विश्वस्तांच्या शाळेत मुस्लीम मुले शिकतात याकडे परदेशी माध्यमे आश्चर्याने पाहतात. या वस्त्यांतील पालकांसाठी मात्र ती फक्त चांगली, जवळची शाळा असते.

कायद्याच्या नजरेत शाळा कोणाची?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० (१) नुसार धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा आणि त्यांचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार आहे. या अधिकारात विद्यार्थी कोण असावेत, हे लिहिलेले नाही. हा मुद्दा १९५८ पासून न्यायालयात येत राहिला. केरळ शिक्षण विधेयकावरील मतात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, इतर समाजाची काही मुले घेतल्याने संस्थेचे अल्पसंख्याक स्वरूप नष्ट होत नाही. १९९२ च्या सेंट स्टीफन्स प्रकरणात अनुदानित संस्थांसाठी ५० टक्क्यांची मर्यादा आखली गेली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात ११ न्यायमूर्तींच्या पीठाने ही ताठर मर्यादा बाजूला ठेवली. शिक्षणाचा स्तर आणि त्या भागाची गरज पाहून राज्याने वाजवी प्रमाण ठरवावे, असे सांगितले. अल्पसंख्याक कोण हे राज्याच्या लोकसंख्येवरून ठरेल, हेही याच निकालात स्पष्ट झाले.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी अलीगढ मुस्लीम विद्यापीठ प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने आणखी एक पाऊल टाकले आणि १९६७ चा अझीझ बाशा निकाल रद्द ठरवला. संस्था अल्पसंख्याकांनी स्थापन केली का, हे ठरवण्यासाठी तिच्या उगमाकडे पाहावे, असे बहुमताने सांगितले. कल्पना कोणाची होती, मूळ उद्देश काय होता, पैसा आणि जमीन कोणी उभी केली, काम कोणी तडीस नेले, याचा पुरावा पत्रव्यवहार, सभांची इतिवृत्ते, देणग्यांच्या नोंदी यांतून शोधता येतो. संस्था प्रामुख्याने त्या समाजाच्या हितासाठी काढलेली असावी, पण फक्त त्याच समाजासाठी असली पाहिजे असे नाही. कारभार अल्पसंख्याकांच्याच हाती असला पाहिजे, हीदेखील अट नाही.

या कसोटीवर माझगाव आणि भायखळ्याच्या शाळांचे उत्तर उगमाच्या बाबतीत सरळ आहे. कल्पना, पैसा आणि उद्देश ज्यूंचा होता. प्रश्न उरतो तो दुसऱ्या बाजूचा. आपल्या समाजाची गरज भागवणे हा या अधिकाराचा पाया मानला गेला आहे. समाजाचीच मुले नसतील, तर अनुदान आणि प्रवेशाच्या नियमांत राज्य किती हस्तक्षेप करू शकते, यावर वाद होऊ शकतो.

२०१६ च्या निर्णयाने काय बदलले?

राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायदा १९९२ अंतर्गत केंद्राने मुस्लीम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन या सहा समाजांना अधिसूचित केले आहे. त्यात ज्यू नाहीत. अल्पसंख्याक शैक्षणिक संस्थांसाठीच्या २००४ च्या राष्ट्रीय आयोग कायद्यातही अल्पसंख्याक म्हणजे केंद्राने अधिसूचित केलेला समाज अशी व्याख्या आहे. त्यामुळे देशातील सर्वात छोट्या धार्मिक समाजांपैकी एकाला केंद्रीय चौकटीत स्थान नव्हते. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये राज्यापुरता ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रात राज्ये आपापल्या पातळीवर अल्पसंख्याक ठरवू शकतात, याचे उदाहरण म्हणून नेमका हाच निर्णय दिला होता. गुजरातनेही २०१८ मध्ये असा निर्णय घेतला.

या दर्जामुळे समाजाच्या संस्थांना राज्याकडे दाद मागण्याचा आधार मिळाला. मात्र तो मिळाला तेव्हा शाळेत बसायला समाजाची मुले उरली नव्हती. १८७५ मध्ये मुले होती, पण घटना नव्हती. आज घटनेचे संरक्षण आहे, पण मुले नाहीत.

अशा शाळेत धर्म शिकवता येतो का?

अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित खासगी शाळेत ते देता येते, पण विद्यार्थ्याला, तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाला, संमती विचारावी लागते. म्हणजे ज्यू विश्वस्तांच्या शाळेत मुस्लीम मुलाला हिब्रू प्रार्थना म्हणण्याची सक्ती होऊ शकत नाही. हाच नियम मिशनच्या शाळेतील हिंदू मुलाला आणि हिंदू संस्थेच्या शाळेतील बौद्ध मुलाला लागू आहे.

फक्त धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था वेगळ्या गटात मोडतात. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना या कायद्यातून वगळले. केहिमकरांची शाळा या गटातली नव्हती. धर्मासह आधुनिक शिक्षण देणारी ती नियमित शाळा होती. म्हणूनच धर्माचा तास संपल्यावरही शाळा म्हणून ती टिकू शकली. फक्त धर्म शिकवणारी संस्था असती, तर समाजाबरोबर तीही संपली असती.

नागपूरशी याचा संबंध काय?

नागपुरात ज्यूंची शाळा नाही. पण मुंबईत बेने इस्रायलांना हिब्रू शिकवणारा स्कॉटिश मिशनचा प्रवाह नागपुरातही पोहोचला होता. स्टीफन हिस्लॉप १८४० च्या दशकात नागपुरात आले आणि त्यांनी शाळा सुरू केली. त्यांच्याच नावाने १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज स्थापन झाले. पुढच्या काळात सदरमधील अंजुमन हामी-ए-इस्लामसारख्या मुस्लीम संस्था, जरीपटका आणि पाचपावली परिसरातील सिंधी भाषकांच्या संस्था उभ्या राहिल्या. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या सिंधी कुटुंबांनी घर सावरण्याबरोबरच शाळा काढल्या. प्रत्येक संस्थेच्या मुळाशी आपल्या मुलांचे काय होणार, ही एकाच प्रकारची काळजी होती.

आज अशा अनेक शाळांत संस्थापक समाजाबाहेरची मुले मोठ्या संख्येने शिकतात. मिशनच्या शाळांत तर हे सुरुवातीपासूनच आहे. सिंधी संस्थांपुढे वेगळा प्रश्न आहे. समाज शहरातच आहे, पण नवी पिढी सिंधी भाषेतून शिकत नाही. समाज गेला की शाळा संपते, भाषा गेली की अधिकार संपतो, असे कायदा म्हणत नाही. पण उगम सिद्ध करण्याची जबाबदारी आता संस्थांवर आहे. जुनी इतिवृत्ते, देणगीपत्रे, जमिनीचे कागद, विश्वस्त मंडळाच्या घटना नीट जपल्या नसतील, तर पन्नास किंवा शंभर वर्षांची संस्थाही अडचणीत येऊ शकते. अनेक संस्थांत हे दप्तर एखाद्या जुन्या कपाटात पडून असते आणि त्याची माहिती एखाद-दुसऱ्या वयोवृद्ध विश्वस्तालाच असते. तो गेला की शाळेचा पुरावाही जातो.

पुढे काय?

खरी परीक्षा सर्वोच्च न्यायालयाच्या पुढील निकालात आहे. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. त्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळांनी २५ टक्के जागा वंचित मुलांसाठी ठेवण्याची अट त्यांना लागू नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातील अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्टच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे ‘टीईटी’ सेवेतील शिक्षकांनाही बंधनकारक केली. सेवानिवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्यांना त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. अल्पसंख्याक शाळांना मात्र हे लगेच लागू केले नाही. प्रमती निकाल बरोबर होता का, याविषयीच पीठाने शंका व्यक्त केली आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे जावे म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवले. सवलतीसाठी अल्पसंख्याक दर्जाचा आडोसा घेतला जातो आणि त्यात गरीब मुलांचा हक्क बुडतो, ही चिंता त्यामागे आहे.

ही चिंता निराधार नाही. पण माझगाव आणि भायखळ्याच्या शाळा तिची दुसरी बाजू दाखवतात. तेथे अल्पसंख्याक संस्थेनेच दुसऱ्या समाजातील सामान्य कुटुंबांच्या मुलांना जागा दिली आणि तीही कुठल्याही २५ टक्क्यांच्या सक्तीशिवाय. मोठ्या पीठाने नियम ठरवताना सगळ्या अल्पसंख्याक शाळांना एकाच मापाने मोजले, तर भरमसाट फी घेणारी शाळा आणि वस्तीतल्या मुलांना शिकवणारी शाळा एकाच रांगेत उभ्या राहतील. सवलत दर्जावरून द्यायची की शाळा प्रत्यक्षात कोणाला शिकवते यावरून, हा या वादातील कळीचा मुद्दा आहे.

२०२७ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ज्यूंची संख्या २०११ च्या तुलनेत आणखी घटलेली दिसण्याची शक्यता आहे. विश्वस्त मंडळावर बसण्यासाठीही समाजातील पुरेशी माणसे मिळणार नाहीत, अशी वेळ येऊ शकते. तेव्हा शाळेचा कारभार कोणाकडे सोपवायचा आणि तिचे नाव, मालमत्ता, मूळ उद्देश यांचे काय करायचे, हे आताच ठरवून ठेवणे विश्वस्तांच्या हाती आहे. नागपुरातील ज्या संस्थांचे संस्थापक सदस्य आता मोजकेच उरले आहेत, त्यांच्यासमोरही हेच काम आहे. केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहून ठेवला म्हणून १८७५ चा उगम आज सांगता येतो. इतर शाळांच्या उगमाची नोंद कोणी करून ठेवली आहे का, हे तपासायला न्यायालयाच्या नोटिशीची वाट पाहण्याची गरज नाही.